दाजींना दाखवणे

त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला माहीत होतं. बाकी सगळी इमारत त्यांना कानसेन म्हणायची. आधी चेष्टेने, मग कौतुकाने आणि पुढे पुढे या माणसाला दुसरं काही नाव असेल हे विसरूनच. प्राणिशास्त्र संस्थेच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून त्यांनी एकतीस वर्षं पक्ष्यांचे आवाज साफ केले. धुणं धुवावं तसे. डाग दिसला की काढला.

डोंगरातल्या जंगलातून फितीची रिळं यायची. त्यात पाखराची एखादी शीळ असायची आणि तिच्या आजूबाजूला वारा, पायाखाली मोडलेली काटकी, कुणाचं नाक ओढणं असा सगळा बाजार भरलेला असायचा. कानसेन हेडफोन चढवत, रीळ बोटांनी मागेपुढे फिरवत, नको त्या जागी पेन्सिलीने खूण करत आणि ब्लेडने तिरका छेद देत. सरळ कापलं तर जोड टच्कन वाजतो. तिरकं कापलं की एक टोक दुसऱ्यात मुरतं. मग दोन्ही टोकं चिकटपट्टीने अशी जुळवत की जोड कानाला तर सोडाच, बोटालाही लागू नये. कापलेले तुकडे पायाशी टोपलीत पडत आणि सकाळी झाडूवाल्या बाई ते घेऊन जात.

संस्थेचे थोरले सर पाखरांचे वेडे. "पाखरू ऐकू आलं पाहिजे, आणि फक्त पाखरूच," असं ते म्हणत. पाहुणे आले की सर त्यांना मुद्दाम जिन्याखाली आणत. पाहुणे ऐकत आणि म्हणत, वा, जणू पाखरू खोलीतच आहे. कानसेन मान खाली घालून हसत. त्या हसण्यात नम्रता किती आणि गर्व किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आपल्या कानातून काही सुटत नाही याची त्यांना खात्री होती, आणि माणसाला एवढी खात्री असली की तो फारसं ऐकत नाही, हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

एक माणूस सांगायचा. तोच ही रिळं आणायचा. अकरा किलोचं ध्वनिमुद्रण यंत्र पाठीवर घेऊन तो डोंगर चढायचा, तीन तीन आठवडे जंगलात राहायचा आणि दाढी वाढवून, अंगभर जळवांचे डाग घेऊन परत यायचा. आधी तो कानसेनांचा नुसता दोस्त होता. त्याच्या घरी जाता-येता त्याची धाकटी बहीण कानसेनांना आवडली, आणि दोस्ताचा मेहुणा झाला. लग्न ठरलं त्या दिवशी त्याने 'अरे कान्या' सोडून एकदम 'दाजी' सुरू केलं. जिन्यावरून हाक यायची, "दाजी, आहात का बिळात?" आणि वरच्या मजल्यावरचे कारकून हसायचे. कानसेनांना ती हाक आवडायची. बहिणीचा नवरा म्हणून मान आणि जुना मित्र म्हणून टिंगल, दोन्ही तिच्यात असायचं.

त्या वर्षी रिळांत टिकटिक यायला लागली. टिक्, टिक्, टिक्, टिक्, मग जरा उसंत, मग पुन्हा चार. कोरडी, बारीक, अगदी एका मापाची. खालच्या ओढ्याच्या उतारावर पहाटे भरलेली जेवढी रिळं, तेवढ्या सगळ्यांत ती होती. कानसेनांनी दोनदा ऐकलं आणि निकाल दिला.

"तुझ्या मशीनचं चाक घासतंय."

"मशीन नाही हो दाजी," मेहुणा म्हणाला. "मी मशीन बंद करतो तरी ऐकू येतं. तिथे काहीतरी बसलंय."

"तुझ्या कानात बसलं असेल."

"मग वरच्या कड्यावरच्या रिळांत का नाही येत?"

"खाली ओल जास्त. ओलीने यंत्र कुरकुरतं."

कानसेनांकडे सगळ्याला उत्तर होतं. मेहुणा हसून सोडून द्यायचा आणि कानसेन टिकटिक कापत बसायचे. दोन वर्षं कापली. जिथे ती शिळेच्या अंगावरच यायची तिथे फिल्टरची चाळणी लावून शीळ दुसऱ्या फितीवर उतरवायची आणि मूळ फीत पुसून, कोरी करून पुन्हा जंगलात धाडायची. फीत महाग होती, आणि पाखराचं काम झालं की मूळ फितीचं कुणाला काही नव्हतं.

पुढे सरांनी डोंगरातल्या पाखरांचा मोठा संग्रह काढायचं ठरवलं आणि कामाला तारीख लावली. टिकटिकीमुळे एकेका रिळाला चार चार दिवस लागत होते. कानसेनांना वाटलं, ही संधी आहे. नवं यंत्र मागून घ्यावं, मेहुण्याच्या पाठीवरचंही ओझं हलकं होईल. त्यांनी सरांना एक पानभर कळवलं. मागणीला वजन यावं म्हणून त्यात एक वाक्य घातलं: 'वाहतुकीतील हेळसांडीमुळे यंत्र सदोष झाले असून आवाज सातत्याने दूषित येत आहेत.' हेळसांड हा शब्द त्यांना त्या वेळी नुसता कचेरीतला शब्द वाटला. असे शब्द कागदावर नेहमीच असतात.

सरांनी पडून असलेलं जुनं यंत्र जंगलात पाठवून टिकटिकणारं मागवून घेतलं आणि दुरुस्तीवाल्याकडे दिलं. त्याने ते पूर्ण खोललं, पुसलं, चालवून पाहिलं आणि लिहून दिलं की यंत्र ठणठणीत आहे. आता यंत्रात दोष नाही म्हटल्यावर दोष कुणाकडे जाणार? सरांना तेवढा हिशोब पुरला. यंत्र नीट आणि आवाज खराब, म्हणजे माणूस बेफिकीर. मेहुणा तेव्हा जंगलातच होता. जुन्या यंत्रावर रिळं भरत होता आणि त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

तो परतला त्या दिवशी सकाळी कानसेन हेडफोन लावून बसले होते. दारात सावली पडली. त्यांनी न बघताच पंजा वर केला, थांब म्हणून. एक अवघड जोड चालला होता. मेहुणा थांबला. तो थांबलेला असतानाच वरून शिपाई पत्र घेऊन उतरला आणि त्याने ते दारातच त्याच्या हातात दिलं. कानसेनांनी हेडफोन काढून मान वळवली तेव्हा मेहुण्याचं पत्र वाचून झालं होतं. फिरती बंद, उद्यापासून नमुन्यांच्या कोठारात बरण्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. सोबत कानसेनांच्या त्या पानाची नक्कल जोडलेली होती.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"अरे, नवं यंत्र मिळावं म्हणून लिहिलं. तुझ्यासाठीच. मला काय माहीत सर असा अर्थ..."

मेहुण्याने पत्राची घडी घातली. दुसरा हात जाकिटाच्या आत होता, थंडी वाजत असल्यासारखा. तो हात बाहेर आला नाही.

"बरं, साहेब," तो म्हणाला आणि जिना चढून गेला.

त्या दिवसापासून साहेब. भांडण नाही, आदळआपट नाही, बहिणीकडे येणं-जाणंही तुटलं नाही. फक्त यायचा तो कानसेन घरी नसताना. एखादे वेळी गाठ पडलीच तर, "काय साहेब, बरं आहे ना?" माणसाने शिव्या दिल्या असत्या तर कानसेनांनी पाय धरले असते. साहेब म्हणणाऱ्याचे पाय कसे धरायचे?

त्या शेवटच्या फेरीची रिळं आठवड्याने कानसेनांच्या टेबलावर आली. जुन्या यंत्रावर भरलेली. चालू केली आणि टिक्, टिक्, टिक्, टिक्. आता यंत्र दुसरं होतं आणि टिकटिक तीच होती. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पुढे तिसऱ्या रिळात मेहुण्याला ठसका लागला. दोनदा तो खोकला, दाबून. आणि टिकटिक थांबली. कानसेनांनी घड्याळ लावलं. अकरा सेकंद सगळं चिडीचूप होतं. मग एक चाचरती टिक्, आणि मग पुन्हा चार चार.

यंत्राला काय कळणार, कोण खोकलं ते?

कानसेन हेडफोन लावून तसेच बसून राहिले. टेबलावर ब्लेड होतं, समोर पेन्सिल. जिना चढून वर जायला तेवीस पायऱ्या होत्या. सरांना ऐकवलं असतं, तर पत्र मागे फिरलं असतं. पण मग सर म्हणाले असते, दोन वर्षं तुम्ही काय ऐकत होतात? ते वाक्य कानसेनांना सरांच्याच आवाजात ऐकू आलं, अगदी स्वच्छ. सर जरा शांत झाले की महिन्याभराने सांगू, असं त्यांनी ठरवलं. तोवर काम तर पुढे गेलं पाहिजे. त्यांनी टिकटिक कापली. खोकलाही कापला. सकाळी झाडूवाल्या बाई टोपली घेऊन गेल्या.

तो महिना आलाच नाही. मेहुण्याने चार वर्षं चिठ्ठ्या लिहिल्या, मग नोकरी सोडून दूरच्या शहरात एका गॅरेजमध्ये हिशेबनीस झाला. जंगलाचं नाव काढेना. आठ वर्षांपूर्वी छातीच्या आजाराने गेला. कानसेन शेवटच्या निरोपाला गेले आणि सगळ्यांच्या मागे उभे राहिले. पुढे या असं त्यांना कुणी म्हणालं नाही.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाल्यावर त्यांच्या दारात एक बाई उभ्या राहिल्या. पस्तिशीच्या असतील. खांद्याला कापडी पिशवी, बुटांना वाळलेला चिखल. संस्थेत नव्या आलेल्या बेडकांच्या तज्ज्ञ. मॅडम म्हणण्याइतक्या मोठ्या दिसत नव्हत्या, तरी कानसेन त्यांना मॅडमच म्हणाले.

"तुम्हीच दाजी ना?" त्यांनी विचारलं.

 ही हाक ऐकून सव्वीस वर्षं झाली होती.

मॅडम आत येऊन बसल्या आणि सांगू लागल्या. कोठारातल्या 'किरकोळ' लिहिलेल्या फळीवर त्यांना एक लहानशी बरणी सापडली होती. आत स्पिरिटमध्ये एकच बेडूक, अंगठ्याच्या नखाएवढा. कुणीही पिल्लू म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी भिंगाखाली धरला आणि पाहिलं की पिल्लू नाही, पुरता वाढलेला नर आहे. मग कॅलिपरने मापं घेतली: नाकापासून बुडापर्यंत एकोणीस मिलिमीटर, बोटांच्या टोकांना गोल चकत्या, मागच्या पायाला पडदा नावालाच. मांडीचा बारीकसा तुकडा तपासायला पाठवला. जगातल्या नोंदलेल्या कुठल्याच बेडकाशी तो जुळला नाही.

"नवी प्रजाती आहे, काका. मी तिचं वर्णन लिहितेय. पण अडलंय ते या चिठ्ठीपाशी."

त्यांनी चिठ्ठीचा फोटो टेबलावर ठेवला. अक्षर ओळखायला कानसेनांना चष्मा लागला नाही. तारीख त्या शेवटच्या फेरीची होती. खाली लिहिलं होतं: 'खालचा ओढा, दगडाच्या कपारीत, पहाटे. टिकटिक हाच करतो. दाजींना दाखवणे.'

मॅडम हसल्या. "मला वाटलं, दाजी म्हणजे कुणी जुने बेडूकतज्ज्ञ. तीन संस्थांना पत्रं पाठवली, तुमच्याकडे दाजी नावाचे कोणी होते का म्हणून. शेवटी आमचे म्हातारे शिपाई म्हणाले, अहो मॅडम, याचे दाजी इथेच जिन्याखाली बसायचे."

कानसेनांची बायको चहाचे कप ठेवता ठेवता थांबली. तिने फोटो उचलला, भावाचं अक्षर वाचलं आणि परत ठेवला.  कानसेनांच्या डोळ्यांपुढे जाकिटात घातलेला हात उभा राहिला, आणि आपण वर केलेला पंजा.

"आम्ही तीन मोसम शोधलं," मॅडम सांगत होत्या. "तो उतार राहिला नाही, खाणीत गेला. शेजारच्या दोन दऱ्या तशाच आहेत, पण एवढासा जीव दगडांच्या कपारीत डोळ्यांना सापडत नाही. आवाजाने सापडतो. त्याचा खरा आवाज मिळाला तर दऱ्यांत महिनाभर यंत्रं लावून ठेवता येतात, संगणक तो आवाज बरोबर हुडकतो. जिवंत आहे की संपला, तेही कळेल आणि त्या दऱ्या वाचवायला हातात काही पुरावा येईल. काका, ही टिकटिक कुठल्या रिळात आहे?"

"बघतो," कानसेन म्हणाले. बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही.

एकोणीस दिवस ते संस्थेत जात होते. जिन्याखालच्या खोलीत आता खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. त्यांनी एक खुर्ची ओढली, जुनं यंत्र कोठारातून आणवलं आणि दोनशे चौदा रिळं पहिल्यापासून ऐकली. त्यांना फक्त चार टिका हव्या होत्या. कुठेतरी घाईत सुटलेल्या, कंटाळून सोडलेल्या, ब्लेड घसरून राहिलेल्या. स्वतःच्या कामात एक तरी चूक सापडावी म्हणून इतका आसुसलेला माणूस त्या इमारतीने पाहिला नसेल. पाखरं सुरेख गात होती. मध्येच एखाद्या ठिकाणी त्यांना जोड जाणवायचा, दुसऱ्या कुणाला कळणार नाही असा, आणि कळायचं की इथे तो होता. असे जोड त्यांनी सहाशेपर्यंत मोजले, मग मोजणं सोडलं. टिक् एकही नव्हती. काम फार चोख झालं होतं.

विसाव्या दिवशी त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं. ते पान, दुरुस्तीवाला, खोकला, अकरा सेकंद. मॅडम ऐकत राहिल्या. त्यांना राग आला असेल, पण त्यांनी तो दाखवला नाही, आणि कानसेनांना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"तोंडाने काढून दाखवाल?" त्यांनी विचारलं.

कानसेनांनी जीभ टाळूला लावून काढून दाखवली. मॅडमनी ती ध्वनिमुद्रित केली आणि पडद्यावर पाहिली. पुन्हा काढायला सांगितलं. चार वेळा काढली आणि चारही वेळा वेगळी उमटली. कधी जाड, कधी लांब, टिकांमधलं अंतर दर वेळी निराळं. ज्यांनी हा आवाज जगात सर्वांत जास्त ऐकला होता त्यांना तो आठवत नव्हता. कापायचा कुठे, तेवढंच त्यांच्या हाताला आठवत होतं.

"हे लावलं तर यंत्र तुम्हाला शोधेल," मॅडम हलकेच म्हणाल्या.

वर्णन लिहून झालं. बेडकाला मेहुण्याचं नाव दिलं. मॅडमनी ते आपणहून सुचवलं, कानसेनांना मागावं लागलं नाही. आकार, त्वचा, बोटं, राहण्याची जागा, सगळे रकाने भरले. त्यात एक होता: 'आवाज: माहीत नाही.'

"असं नका लिहू," कानसेन म्हणाले. "माहीत होता. ध्वनिमुद्रित झाला होता. ध्वनितंत्रज्ञाने यंत्राचा दोष समजून कापून टाकला, असं लिहा."

"काका, शोधनिबंधात असं कुणी लिहीत नाही."

"खोटं तरी कुठे लिहितात?"

मॅडमनी लिहिलं: 'आवाज: संग्राहकाने ध्वनिमुद्रित केला होता व तो याच बेडकाचा असल्याचे ओळखले होते. ध्वनितंत्रज्ञाने तो यंत्रदोष समजून काढून टाकल्याने ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही.' समजून हा शब्द कानसेनांना टोचला. खोकल्यानंतर त्यांचा काही समज उरला नव्हता. पण त्याला शोधनिबंधात जागा नव्हती.

छापील प्रत घरी आली त्या दुपारी त्यांनी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावलं आणि ती ओळ वाचून दाखवली. मग जे छापलं नव्हतं तेही सांगितलं. तेवीस पायऱ्यांसकट.  तिने पदराला हात पुसले आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

"टिकटिक बेडकाची होती, हे मला माहीत होतं," ती म्हणाली.

"त्याने सांगितलं? कधी?"

"त्या शेवटच्या फेरीला जायच्या आधी. इथेच जेवायला बसला होता. म्हणाला, अगं, बेडूकच आहे, या खेपेला धरूनच आणतो." तिने छापील प्रत मिटली. "मी तुम्हाला सांगितलं होतं तेव्हा."

"मला?"

"तुम्ही सरांना लिहायचा तो कागद घेऊन बसला होतात. म्हणालात, तुझ्या भावाला आवाजातलं काय कळतं."

कानसेनांनी आठवून पाहिलं. ती कुठे उभी होती, कोणत्या शब्दांत म्हणाली, त्यावर आपण वर तरी पाहिलं होतं का. कागद आठवला, शाईचा रंग आठवला, हेळसांड लिहिताना ळ जरा मोठा आला होता तोही आठवला. तिचा आवाज कुठेच नव्हता.

"मग पुन्हा का नाही सांगितलंस?"

"एकदा सांगितलं होतं."

भिंतीवर दुपारचं ऊन सरकत होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलला किल्ली लावत होतं.

"आता सांग," ते म्हणाले. "तेव्हा सांगितलंस तसं."

 आता सांगून काय उपयोग, असं तिला म्हणायचं असेल. पण ती तसं म्हणाली नाही.

"अहो," ती म्हणाली, "दादा म्हणतो, ती टिकटिक मशीनची नाही. बेडूक आहे तो. तुम्ही एकदा त्याचं नीट ऐकून घ्या."

कानसेनांनी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं आणि मध्ये काही बोलले नाहीत.